अळिंबीचा अर्क परीक्षेला बसतो

गडद जांभळं द्रावण, त्यात अळिंबीच्या अर्काचे काही थेंब, अर्धा तास अंधारात, आणि बाहेर काढावं तर जांभळ्याचं पिवळं झालेलं. फार्मसीला किंवा सूक्ष्मजीवशास्त्राच्या एम.एस्सी.ला प्रोजेक्ट केलेल्या कुणालाही विचारा, हा रंगबदल त्यांच्या डोळ्यांपुढून जात नाही. धिंगरीसारखी स्वस्त, बारमाही मिळणारी खाद्य अळिंबी म्हणजे अशा प्रोजेक्टांची हक्काची सामग्री.

‘अळिंबी औषधी असते’ हे वाक्य आता मंडईपासून व्हॉट्सअ‍ॅपपर्यंत सगळीकडे फिरतं. ते खरं की खोटं, हे एका परीक्षेत ठरत नाही. प्रत्येक चाचणी अर्काला एक आणि एकच प्रश्न विचारते, आणि अर्क तेवढ्याच प्रश्नाचं उत्तर देतो. प्रश्न चुकला की उत्तम अर्क नापास होतो आणि सामान्य अर्क पहिला येतो. हे प्रश्न कोणी शोधले, ते कुठे फसले आणि कुठून अनपेक्षित उत्तरं आली, हा सगळा मामला कमालीचा रंजक आहे.

आधी अर्क तर काढा

वाळवलेली, दळलेली अळिंबी पाण्यात उकळली तर एक अर्क मिळतो आणि अल्कोहोलमध्ये भिजवली तर दुसराच. पाण्यात लांब साखळीच्या शर्करा उतरतात, त्यांतल्या सर्वांत गाजलेल्या म्हणजे बीटा-ग्लुकान. गाळलेल्या पाण्यात थंड अल्कोहोल ओतलं की या शर्करा पांढऱ्या तंतूंसारख्या खाली बसतात. बघायला फार सुंदर दिसतं. अल्कोहोलच्या अर्कात मात्र एर्गोस्टेरॉल आणि फिनॉल गटातली संयुगं येतात, बीटा-ग्लुकान जवळपास मागेच राहतात. म्हणून ‘अळिंबीच्या अर्कानं अमुक झालं’ असं कुणी म्हटलं की पहिला प्रश्न विचारावा: कशातला अर्क?

या कामासाठी प्रयोगशाळेत जे काचेचं उंच उपकरण रात्रंदिवस गुरगुरत असतं, ते सॉक्सलेट. द्रावक खाली उकळतो, वाफ वर जाऊन थंड होते, भुकटीवर थेंबथेंब पडते, कप्पा भरला की आपोआप खाली ओसंडते आणि चक्र पुन्हा सुरू. फ्रान्झ फॉन सॉक्सलेट या जर्मन कृषिरसायनशास्त्रज्ञानं १८७९ साली ते मांडलं, आणि कशासाठी, तर दुधातली चरबी मोजण्यासाठी!

अळिंबीच्या पेशीभोवतीची भिंत कायटिनची असते. कायटिन म्हटलं की आपल्याला कोळंबीचं आणि खेकड्याचं कवच आठवतं, पण माणसाला ते पहिल्यांदा सापडलं अळिंबीत. १८११ साली फ्रान्समधल्या नान्सी शहरात आंरी ब्राकोनो यांनी खाद्य अळिंब्या क्षारात उकळल्या आणि न विरघळणारा जो भाग उरला, तो हा. सेल्युलोजचा शोध त्यानंतर पाव शतकाहून अधिक काळानं लागला. कच्ची अळिंबी पोटाला जड का जाते आणि अर्कासाठी ती तासन्‌तास का उकळावी लागते, या दोन्ही प्रश्नांचं उत्तर ही भिंत आहे.

जांभळ्याचं पिवळं

सुरुवातीच्या त्या जांभळ्या रसायनाचं नाव डीपीपीएच. १९५८ साली मार्सडेन ब्लॉइस यांनी ही पद्धत ‘नेचर’मध्ये मांडली. डीपीपीएच हा एक असा मुक्त मूलक आहे, जो बाटलीत टिकून राहतो. त्याला हायड्रोजन किंवा इलेक्ट्रॉन देणारं कुणी भेटलं की त्याचा जांभळा रंग जातो. किती गेला हे ५१७ नॅनोमीटरच्या प्रकाशात मोजायचं आणि शेजारी तुलनेला क जीवनसत्त्व ठेवायचं. झाली अँटिऑक्सिडंट चाचणी.

चाचणी स्वस्त आहे, जलद आहे आणि प्रामाणिक आहे. पण तिचा प्रश्न एवढाच: या अर्काला बाटलीतला हा मूलक शांत करता येतो का? डीपीपीएच आपल्या शरीरात कुठेही नसतं. चहा, आवळा, जांभूळ, कॉफी, सगळे ही परीक्षा हसत पास होतात. अर्क आतड्यातून रक्तात पोचतो का, पोचला तर टिकतो का, हे या बाटलीला ठाऊक नसतं.

आणि तरीही अळिंबीकडे या विभागात एक खरंखुरं रत्न आहे: एर्गोथायोनीन. १९०९ साली फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शार्ल तान्रे यांना ते राय धान्यावर पडणाऱ्या अरगट बुरशीत सापडलं. माणूस ते स्वतः बनवू शकत नाही. अन्नातूनच घ्यावं लागतं, आणि अन्नात त्याचा सर्वांत मोठा साठा अळिंबीत. पुढची गोष्ट २००५ सालची. जर्मनीतल्या कोलोन इथल्या डर्क ग्रुंडेमान यांच्या गटानं दाखवून दिलं, की आपल्या पेशींवर एर्गोथायोनीन आत ओढून घेणारं एक खास प्रथिन आहे. जो पदार्थ शरीर बनवत नाही, त्याच्यासाठी शरीरानं वेगळी वाहतूक ठेवली आहे! ती कशासाठी, यावर आज जगभर काम चालू आहे. मला विचाराल तर अळिंबीच्या अँटिऑक्सिडंटपणाबद्दल बोलायचं असेल तर डीपीपीएचच्या आकड्यांपेक्षा या एका प्रथिनाबद्दल बोलावं.

टिकलीएवढा कागद आणि ६८ वर्षं

जिवाणूंविरुद्धची चाचणी दिसायला आणखी साधी. आगरच्या ताटलीवर जिवाणू पसरायचे, त्यावर सहा मिलिमीटर व्यासाची, टिकलीएवढी कागदी चकती अर्कात बुडवून ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी तिच्याभोवतीचं मोकळं वर्तुळ पट्टीनं मोजायचं. इथे एक गोम आहे. रेणू लहान असेल तर तो आगरमधून झरझर पसरतो, मोठा असेल तर जागचा हलत नाही. त्यामुळे वर्तुळ मोठं म्हणजे औषध जोरदार, असा थेट हिशेब करता येत नाही.

पण या चाचणीतून अळिंबीनं जगाला खरोखर एक प्रतिजैविक दिलंय. न्यूयॉर्क बोटॅनिकल गार्डनमध्ये कॅव्हानाग, हर्वी आणि रॉबिन्स यांनी १९५१ साली प्लुरोम्युटिलिन वेगळं केलं. ते देणारी अळिंबी क्लायटोपायलस या कुळातली. याच कुळातली एक बहीण युरोपात आवडीनं खाल्ली जाते, तिला ताज्या पिठासारखा वास येतो.

मग काय झालं? आधी नंबर लागला जनावरांचा. प्लुरोम्युटिलिनपासून बनवलेलं टियाम्युलिन १९७९पासून डुकरांना आणि कोंबड्यांना दिलं जाऊ लागलं. माणसासाठी त्वचेवर लावायचं मलम यायला २००७ उजाडलं. न्यूमोनियासाठी पोटातून आणि शिरेतून द्यायचं लेफाम्युलिन अमेरिकेत मंजूर झालं २०१९ साली. अळिंबीतल्या रेणूपासून रुग्णाच्या गोळीपर्यंत ६८ वर्षं! आणि त्या गोळीत अळिंबीचा अर्क नाही. रसायनशास्त्रज्ञांनी त्या रेणूला पुन्हापुन्हा बदलून घडवलेलं ते रूप आहे.

ताटलीत नापास, उंदरात पास

आता कर्करोगाकडे येऊ, कारण अळिंबीच्या नावावर सर्वाधिक दावे तिथलेच.

नेहमीची चाचणी एमटीटी. टिम मोसमन यांनी १९८३ साली ती मांडली. ताटलीतल्या खळग्यांत कर्करोगाच्या पेशी वाढवायच्या, त्यावर अर्क घालायचा, मग पिवळं एमटीटी. जिवंत पेशी त्याचं जांभळं करतात, मेलेल्या करत नाहीत. जांभळं कमी म्हणजे पेशी कमी. यातही सापळा आहे: अर्कातच अँटिऑक्सिडंट भरपूर असतील तर पेशी नसतानाही पिवळ्याचं जांभळं होतं. म्हणून एक खळगा पेशींशिवाय, नुसत्या अर्काचा ठेवावाच लागतो. ज्या शोधनिबंधात तो खळगा नाही, तो मी बाजूला ठेवते.

शिवाय ताटलीतल्या पेशी मारणं फारसं कठीण नसतं. पुरेसं मीठ टाकलं तरी त्या मरतात. निरोगी पेशी वाचवून कर्करोगाच्या पेशी मारता येतात का, हा खरा प्रश्न, आणि त्यासाठी शेजारी निरोगी पेशींची ताटली हवी.

पण शिटाके अळिंबीची कथा याच्या अगदी उलटी आहे, आणि या सगळ्या लेखातली ती माझी सर्वांत आवडती. टोकियोच्या राष्ट्रीय कर्करोग केंद्राच्या संशोधन संस्थेत गोरो चिहारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिटाकेचा गरम पाण्यातला अर्क काढला, त्यातल्या शर्करा वेगळ्या केल्या आणि सार्कोमा-१८० ही गाठ असलेल्या उंदरांना टोचल्या. गाठी विरल्या. १९६९ साली ‘नेचर’मध्ये हे छापून आलं आणि त्यातल्या शर्करेला नाव मिळालं लेंटिनान.

लेंटिनान कर्करोगाच्या पेशींना थेट मारत नाही. चिहारांनी फक्त ताटलीतली चाचणी केली असती, तर लेंटिनान नापास होऊन कचऱ्यात गेलं असतं. ते काम करतं उंदराच्या प्रतिकारशक्तीमार्फत. हे सिद्ध कसं केलं, तर जन्मतःच थायमस ग्रंथी काढलेल्या उंदरांना तेच लेंटिनान दिलं. परिणाम नाहीसा झाला. किती स्वच्छ प्रयोग! आणखी एक नवल: मात्रा वाढवत नेली की परिणाम वाढत जाईल अशी आपली समजूत असते. लेंटिनानचा परिणाम एका मर्यादेपलीकडे उलट घटतो.

१९८५ साली जपाननं जठराच्या कर्करोगासाठी लेंटिनानला परवानगी दिली, केमोथेरपीच्या जोडीनं आणि इंजेक्शनच्या रूपात. हे नीट वाचावं. लेंटिनानचा रेणू अवाढव्य, तिहेरी पिळाचा. तोंडावाटे घेतला तर तो तसाच्या तसा रक्तात पोचत नाही. शिटाकेचं सूप रुचकर असतं, जरूर प्यावं, पण ते लेंटिनानचं इंजेक्शन नव्हे.

निळं रक्त आणि फसवी खूण

‘अर्कानं प्रतिकारपेशी जाग्या झाल्या’ असा निष्कर्ष निघाला की अनुभवी परीक्षक लगेच विचारतात: अर्क स्वच्छ होता का? कारण जिवाणूंच्या भिंतीतलं एंडोटॉक्सिन नावापुरतं मिसळलं असलं तरी प्रतिकारपेशी खडबडून उठतात, आणि श्रेय मिळतं अळिंबीला.

एंडोटॉक्सिन शोधायची प्रसिद्ध चाचणी नालखेकड्याच्या निळ्या रक्तातून आली. फ्रेडरिक बँग यांनी १९५६ साली पाहिलं, की विशिष्ट जिवाणू शरीरात शिरले की या प्राण्याचं रक्त गोठतं. पुढे जॅक लेविन यांच्यासोबत त्याची चाचणी तयार झाली. आपल्याकडे ओडिशा-बंगालच्या किनाऱ्यावर हा प्राणी सापडतो.

आता गंमत बघा. त्या निळ्या रक्तात गोठण्याचे दोन वेगळे मार्ग आहेत. एक एंडोटॉक्सिननं सुरू होतो, दुसरा बीटा-ग्लुकाननं! म्हणजे अळिंबीचा अर्क पूर्ण स्वच्छ असला तरी साध्या चाचणीत ‘दूषित’ ठरू शकतो. त्यासाठी दुसरा मार्ग बंद केलेली चाचणी वापरावी लागते. आणि वैद्यकानं या अडचणीचं सोनं केलं: पहिला मार्ग बाजूला ठेवून फक्त दुसरा वापरला, की रुग्णाच्या रक्तातलं बुरशीचं ग्लुकान पकडता येतं. अतिदक्षता विभागात खोलवरच्या बुरशीसंसर्गाचा संशय आला की ही चाचणी आज प्रत्यक्ष कामी येते.

धिंगरी आणि कोलेस्टेरॉल: कोंबड्यांनी वाचवलेलं औषध

अकिरा एंडो हा जपानच्या अकिता भागातल्या शेतकरी कुटुंबातला मुलगा. माशा मारणारी, पण माणसाला न मारणारी एक अळिंबी तिकडे उगवते. तिनं या मुलाला लहानपणीच वेड लावलं. मोठेपणी सांक्यो कंपनीत त्यांनी सुमारे ६,००० सूक्ष्मजीव तपासले, एकच प्रश्न घेऊन: कोलेस्टेरॉल बनवणारं विकर कोण अडवतं? १९७३ साली उत्तर मिळालं क्योटोतल्या धान्याच्या दुकानातल्या तांदळावरच्या निळसर-हिरव्या बुरशीत. रेणूचं नाव कॉम्पॅक्टिन, सगळ्या स्टॅटिन औषधांचा पूर्वज.

मग तो उंदरांना दिला. कोलेस्टेरॉल हललंही नाही. प्रकल्प गुंडाळायची वेळ आली. तेव्हा एका सहकाऱ्याकडे प्रयोगासाठी पाळलेल्या अंडी देणाऱ्या कोंबड्या होत्या. एंडोंनी विचार केला, अंड्यात इतकं कोलेस्टेरॉल, तर कोंबडीच्या रक्तातही भरपूर असणार. कॉम्पॅक्टिन दिल्यावर कोंबड्यांचं कोलेस्टेरॉल जवळपास निम्म्यावर आलं! मग कुत्रे, मग माणसं. १९८७ साली लोव्हास्टॅटिन हे या घराण्यातलं पहिलं औषध अमेरिकेत मंजूर झालं. चाचणीचा प्राणी बदलला नसता, तर आज कोट्यवधी लोकांच्या रात्रीच्या गोळ्यांत स्टॅटिन नसतं.

१९९५ साली स्लोव्हेनियातल्या संशोधकांनी जाहीर केलं, की धिंगरीच्या छत्रीत चक्क लोव्हास्टॅटिन आहे. यावरून केवढा उत्साह उसळला असेल, कल्पना करा. औषध भाजीत! काही वर्षांनी अमेरिकेत एचआयव्हीची औषधं घेणाऱ्या, त्यामुळे कोलेस्टेरॉल वाढलेल्या वीसेक लोकांना रोज १५ ग्रॅम वाळवलेली धिंगरी आठ आठवडे देऊन पाहिली. २०११ साली निकाल छापला: वाईट कोलेस्टेरॉल कमी झालं नाही. अभ्यास लहान होता, रुग्ण विशेष परिस्थितीतले होते, हे खरं. पण रेणू असणं आणि पुरेसा असणं यातलं अंतर किती, ते इथे स्वच्छ दिसतं. धिंगरी खावी ती प्रथिनांसाठी, तंतूंसाठी आणि चवीसाठी. डॉक्टरांनी दिलेली गोळी तिच्या भरवशावर बंद करू नये.

डोक्याची अळिंबी

पांढऱ्या झुपक्यांच्या दाढीसारखी लोंबणारी लायन्स मेन अळिंबी सध्या कॅप्सूलमधून जोरात विकली जाते. तिच्यातली हेरिसेनोन ही संयुगं जपानमधल्या हिरोकाझू कावागिशी यांच्या गटानं १९९१ साली वेगळी केली. चेतापेशींच्या वाढीला लागणारा घटक या संयुगांमुळे ताटलीतल्या पेशी जास्त बनवतात, असं दिसलं.

माणसांवरचा गाजलेला अभ्यास २००९चा. ५० ते ८० वयाचे, विसरभोळेपणा जाणवू लागलेले ३० जपानी स्त्री-पुरुष. अर्ध्यांना दिवसाला तीन ग्रॅम भुकटीच्या गोळ्या, अर्ध्यांना तशाच दिसणाऱ्या बिनऔषधी गोळ्या, १६ आठवडे. अळिंबीवाल्यांचे गुण वाढले. आणि गोळ्या थांबवल्यावर चार आठवड्यांनी पुन्हा उतरले. मला हा दुसरा भाग अधिक मोलाचा वाटतो. थांबवल्यावर काय होतं हे पाहण्याची तसदी फार कमी अभ्यास घेतात. तीस माणसं म्हणजे मात्र फक्त सुरुवात. विसरभोळेपणाच्या वेगळ्या पायरीवरच्या शेकडो लोकांवर, वेगळ्या देशांत हे पुन्हा दिसायला हवं.

रक्तात टिकेना

केशरी रंगाची, बोटभर लांबीची कॉर्डिसेप्स मिलिटारिस ही बुरशी रानात पतंगांच्या कोशांवर उगवते. शेतीत ती हातसडीच्या तांदळावर बाटल्यांत वाढवतात, आणि महाराष्ट्रातही बंद खोल्यांत तिची लागवड करणारे तरुण आहेत. तिच्यातलं कॉर्डिसेपिन १९५०पासून ज्ञात आहे. ताटलीत ते कर्करोगाच्या पेशींवर प्रभावी ठरतं, पण रक्तात एक विकर त्याचा काही मिनिटांत निकाल लावतं. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या सहकार्यानं एका कंपनीनं या रेणूला संरक्षक जोड लावून नवं रूप बनवलं आणि ते रुग्णांवरच्या चाचण्यांपर्यंत पोचवलं. ताटलीतल्या उत्तम निकालानंतरही इतकी वर्षं का लागली, याचं उत्तर त्या एका विकरात आहे.

फटाफट

धिंगरी मांसाहारी आहे! लाकडात नायट्रोजन कमी, म्हणून तिचे तंतू सूक्ष्म सूत्रकृमींना पकडून खातात. कॅनडातल्या थॉर्न आणि बॅरन यांनी १९८४ साली हे मांडलं; २०२३ साली तैवानच्या शास्त्रज्ञांनी तिचं हत्यार ओळखलं. तंतूंवरच्या इवल्याशा फुग्यांत ३-ऑक्टॅनोन नावाचं वायुरूप होणारं विष भरलेलं असतं.

अळिंबीला ऊन दाखवा. तिच्यातल्या एर्गोस्टेरॉलचं अतिनील किरणांनी ड-२ जीवनसत्त्व होतं. दुपारच्या कडक उन्हात १५ मिनिटं ते दोन तास ठेवलेल्या १०० ग्रॅम ताज्या अळिंबीत १० मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक ड-२ तयार होऊ शकतं. छत्रीखालच्या पट्ट्या वरच्या बाजूला करून किंवा काप करून ठेवली तर उत्तम. धिंगरी उन्हात वाळवणाऱ्या आपल्या बचत गटांच्या बायका हे नकळत करतच असतात.

शिटाके कच्ची किंवा अर्धीकच्ची खाल्ली तर काही लोकांच्या पाठीवर, पोटावर चाबकाचे फटके मारल्यासारखे लाल वळ उठतात. १९७७ साली जपानमध्ये याची पहिली नोंद झाली. नीट शिजवलेल्या शिटाकेनं सहसा असं होत नाही.

काळी शाई गाळत विरघळून जाणारी एक छत्री युरोपात खातात. तिच्यासोबत दारू प्यायली की चेहरा लाल, छाती धडधडते, ओकाऱ्या होतात. तिच्यातलं कोप्रीन यकृतातलं तेच विकर अडवतं, जे दारू सोडवण्यासाठी दिलं जाणारं डायसल्फिराम अडवतं.

अळिंबीच्या भुकटीच्या कॅप्सूलची एक सोपी पारख: थोडी भुकटी पाण्यात उकळून गार करा आणि त्यात टिंक्चर आयोडीनचा थेंब टाका. गडद निळं-काळं झालं तर आत स्टार्च आहे. अळिंबी स्टार्च साठवत नाही. म्हणजे धान्यावर वाढवलेली बुरशी धान्यासकट दळलेली असण्याची किंवा भेसळीची शक्यता. २०१७ साली अमेरिकी बाजारातले रेशी अळिंबीचे १९ नमुने तपासले तेव्हा लेबलाशी जुळले फक्त पाच.

वाळवीच्या शेतातली अळिंबी

गोव्यात पहिल्या जोरदार पावसानंतर रस्त्याकडेला पानांत बांधून विकली जाणारी रोयण अळमी, तीच विदर्भाच्या आणि कोकणाच्या जंगलांतही वारुळांवर उगवते. शास्त्रीय नाव टर्मिटोमायसिस. ही अळिंबी वाळवी पिकवते. आणलेल्या पाल्यापाचोळ्यावर वारुळात बुरशीचा बगिचा लावते, आणि ही शेती सुमारे तीन कोटी वर्षं चालू आहे. याच कुळातली झांबियातली एक जात मीटरभर रुंदीची छत्री काढते.

औषधी परीक्षेतही तिनं हजेरी लावलीय. चीनमध्ये खाल्ल्या जाणाऱ्या जातीतून जपानी संशोधकांनी २००० साली मिळवलेल्या संयुगांनी उंदराच्या विशिष्ट पेशींना चेतापेशींसारख्या शाखा फुटल्या. पण पुढची वाट अवघड, कारण वाळवीशिवाय तिची छत्री उगवणं माणसाला नीट साधलेलं नाही. प्रमाणित अर्कासाठी वर्षभर एकसारखी सामग्री लागते, आणि ही अळिंबी येते पावसाळ्यातले थोडे दिवस. माझं मत विचाराल तर ती वारुळावरच राहावी आणि हंगामात शागोती करून खावी. रानातून आणताना मात्र ओळख पक्की असलेल्या माणसासोबतच जावं. तिच्याच दिवसांत, गवताळ जागी हिरवट बीजाणूंची विषारी छत्रीही उगवते.

जाहिरात दिसली तर

भारतात १९५४पासून ‘ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज’ कायदा आहे. कर्करोग, मधुमेह यांसारख्या यादीतल्या आजारांवर इलाज असल्याची जाहिरात त्यानुसार करता येत नाही. म्हणजे ‘आमच्या अळिंबी पावडरनं कॅन्सर बरा’ असं छापणारा पहिल्याच ओळीत कायदा मोडतो. आणि कुणी ‘माणसांवर चाचणी झालीय’ म्हणाला, तर सीटीआरआय ही भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांची नोंदवही सर्वांसाठी खुली आहे. ती २००७ साली सुरू झाली. औषधांच्या चाचण्यांची नोंद तिथे जून २००९पासून सक्तीची झाली. अळिंबीचं नाव टाका; किती माणसं, किती महिने, तुलनेला काय दिलं, सगळं समोर येतं.

आणि नाशिकच्या वेली

पाइनच्या जमिनीत दबलेल्या शंकूंवर युरोपात एक नाजूक, तपकिरी छत्री उगवते. तिच्यावर दुसरी बुरशी फारशी येत नाही, कारण ती शेजारच्या बुरशींना रोखणारं रसायन सोडते. जर्मनीतल्या टिम आन्के आणि वोल्फगांग स्टेग्लिश यांनी १९७७ साली त्याला स्ट्रोबिल्युरिन नाव दिलं. प्रयोगशाळेत ते बुरशींवर भारी पडलं, पण उन्हात टिकेना. रसायनशास्त्रज्ञांनी त्याच्या सांगाड्याला उन्हात तग धरील असं रूप दिलं आणि १९९६ साली अझॉक्सिस्ट्रोबिन बाजारात आलं. नाशिकचा द्राक्षबागायतदार भुरी आणि केवड्यासाठी जी फवारणी करतो, तिच्या डब्यावर हे नाव हमखास वाचायला मिळतं.